‘ट्वायलाइट’ की सूकी स्टॅकहाउस?

दोन्ही व्हॅम्पायरच्या प्रेमात पडणाऱ्या मुलींच्या कादंबरीमालिका. स्टेफनी मेयर यांची मूळ ‘ट्वायलाइट’ मालिका २००५ ते २००८ या काळात ४ कादंबऱ्यांत आटोपते. शार्लेन हॅरिस यांची सूकी २००१ ते २०१३ अशी १३ पुस्तकं चालते.

माझा जीव सूकीवर. लुइझियानातल्या बारमध्ये काम करणाऱ्या या मुलीला सगळ्यांच्या मनातलं ऐकू येतं आणि त्याचा तिला उबग आलेला असतो. व्हॅम्पायर बिलच्या मनातलं मात्र काहीच ऐकू येत नाही. त्याच्याजवळ डोकं शांत होतं, म्हणून ती त्याच्याकडे ओढली जाते. किती सुंदर कारण आहे हे प्रेमाचं! ‘ट्वायलाइट’मध्ये हेच उलटं आहे: मन वाचणारा तिथे व्हॅम्पायर एडवर्ड आहे, आणि त्याला फक्त नायिका बेलाचं मन वाचता येत नाही.

पण सूकीच्या जगात पुढे लांडगेमाणसं, पऱ्या, व्हॅम्पायरांचं राजकारण अशी भाऊगर्दी होते. प्रेम बाजूला पडतं, वाचणारा दमतो. ‘ट्वायलाइट’मध्येही रडारड लांबते, दुसऱ्या भागात तर फारच. तरी बेला व्हॅम्पायर होणार का, हा एकच प्रश्न शेवटपर्यंत धरून ठेवतो.

पूर्ण मालिका हवी असेल तर ‘ट्वायलाइट’ घ्या. सूकी मात्र चौथ्या पुस्तकापर्यंत वाचाच. स्मृती गेलेला, भेदरलेला व्हॅम्पायर एरिक तिथेच भेटतो.