मीटरवर सहा हजार तास, स्क्रू मात्र झिजलेला

रत्नागिरीच्या मिरजोळे एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. मिरकरवाड्यातल्या ट्रॉलरचे शाफ्ट आणि गनमेटलचे बुश ही आमची रोजची कामं. दोन वर्षांपूर्वी साडेसहा लाखांना जुना सीएनसी लेथ, म्हणजे संगणकाच्या हुकमावर चालणारं कातकामाचं यंत्र, घेतला आणि फसलो. घरच्या आंब्याचे पैसे त्यात गेले, वर सोनेतारण कर्ज काढलं. दुसऱ्या कुणावर ही पाळी येऊ नये म्हणून लिहितोय.

मशीन घाटावर एका दलालाच्या शेडमध्ये होतं. नवा रंग, आतून पुसून लख्ख. त्याने फॅनुक कंट्रोलवर, म्हणजे मशीनच्या संगणकावर, मशीन चालू राहिल्याचे तास दाखवले: 6,200. म्हणाला, "साहेब, एकाच शिफ्टला चाललंय. पाऊस लागायच्या आत आंबा घाट उतरवून घ्या." प्लेटवर साल 2011 होतं. एका शिफ्टला वर्षाचे साधारण 2,400 तास होतात. म्हणजे 6,200 तास हे जेमतेम अडीच वर्षांचं काम. हा हिशेब मी तिथेच बोटांवर करायला हवा होता.

तासांचा तो आकडा काही सीलबंद नसतो. पॉवर-ऑनचा वेळ 6750 नंबरच्या पॅरामीटरमध्ये, म्हणजे कंट्रोलमधल्या एका सेटिंगमध्ये, मिनिटांत साठतो. कंट्रोलची मेमरी पुसून जुना बॅकअप भरला, की बॅकअपमधला आकडा दिसायला लागतो. कीपॅड नवा बसवलेला होता, पण दरवाजाची मूठ हात लागून लागून गुळगुळीत झाली होती आणि खिडकीची काच चिप्स बसून आंधळी झाली होती. मी हे दोन्ही पाहिलं होतं, आणि तरी रंगावर भाळलो.

डायल, म्हणजे मायक्रॉनमध्ये (मिलीमीटरच्या हजाराव्या भागात) हालचाल दाखवणारं काट्याचं मापक, मी लावला होता, पण एकाच जागी, चकजवळ, म्हणजे काम पकडणाऱ्या जबड्यापाशी. झेड, म्हणजे लांबीच्या दिशेने सरकणारा अक्ष, पुढे नेला, मागे आणला, काटा शून्यावर. समाधान झालं. पावती "जसे आहे तसे" या अटीवर घेतली.

इथे आल्यावर चारशे मिलीमीटरचा पायऱ्यांचा शाफ्ट लावला. चककडच्या पायऱ्या मापात, टेलस्टॉककडच्या, म्हणजे दुसऱ्या टोकाच्या, मिलीमीटरच्या पाच-सहा शतांशांनी चुकलेल्या. टूल बदललं, ऑफसेट बदलले, आठवडा गेला. शेवटी चिपळूणहून एक जुने मेन्टेनन्सवाले काका आले. त्यांनी पहिल्यांदा पॅरामीटर 1851 उघडलं, म्हणजे बॅकलॅशची भरपाई: दिशा बदलताना जेवढी ढील असते तेवढं कंट्रोल जास्त सरकवतो. झेडसमोर 72 मायक्रॉन होतं. काकांनी तिथे शून्य भरलं आणि म्हणाले, "आता लाव डायल." चकजवळ काटा 70 मायक्रॉनच्या पुढे गेला. टेलस्टॉककडे तोच काटा 15 वर थांबला.

टूल पुढेमागे सरकवणारा बॉल स्क्रू सगळीकडे सारखा झिजत नाही. रोजचं काम चकजवळ, म्हणून झीजही तिथेच. त्या जागेच्या झिजेएवढी भरपाई भरून ठेवली होती, त्यामुळे तिथे डायल शून्य दाखवणारच. पण भरपाई पूर्ण लांबीवर एकच लागते. जिथे झीज कमी तिथे कंट्रोल जवळपास 57 मायक्रॉन जास्त ढकलत होता.

दलालाला फोन केला. "तुम्ही बघूनच नेलंत ना दादा?" त्यानंतर फोन उचलणं बंद. स्क्रू, नट आणि बेअरिंग मिळून सव्वा लाख गेले, शिवाय ऐन हंगामाच्या तोंडावर बोटवाल्यांची कामं दुसरीकडे गेली. त्याचं मला जास्त लागलं.

तुम्ही जाल तेव्हा 1851 चे आकडे आधी बघा आणि लिहून घ्या. नंतरच्या एका चांगल्या मशीनवर मला झेडला 8 दिसला होता. मग मालकाच्या परवानगीने तिथे शून्य भरा आणि चकजवळ, मध्ये आणि शेवटी अशा तीन जागी डायल लावा. स्पिंडल तासभर फुल आरपीएमला पळवून बेअरिंगपाशी हात ठेवून ते फार तापलंय का बघा. मी दहाच मिनिटं चालवला होता. टेलिस्कोपिक कव्हर मागे सारून स्क्रूवर तेल पोचतंय का ते बघा. विकणारा घाई करत असेल किंवा पॅरामीटर उघडू देत नसेल, तर ॲडव्हान्स देऊ नका.

काढलेला स्क्रू मी शेडच्या कोपऱ्यात ठेवलाय. चककडच्या भागावर नखाला खाच लागते. मिरजोळ्यात आलात तर बघून जा, आणि मशीन बघायला निघाला असाल तर माझा डायल आणि मॅग्नेटिक स्टँड घेऊन जा.