रास्पबेरी पाय २ वर फ्रीबीएसडी सोर्सवरून अपडेट करताना: स्पीड सोडा हो, घड्याळाचं बोला

पाय २, म्हणजे एका सर्किट बोर्डवरचा छोटा संगणक, हळू आहे हे मला नव्याने कुणी सांगू नका. त्यावर मी फ्रीबीएसडी ही युनिक्स घराण्यातली ऑपरेटिंग सिस्टीम चालवतो. ९०० मेगाहर्ट्झचे चार ए७ कोअर, १ जीबी रॅम, २०१५ चं बोर्ड, त्यावर क्लँग हा भलामोठा कंपायलर कंपाइल करायला घेतल्यावर काय होणार हे उघड आहे. माझी तक्रार स्पीडची नाहीच. तक्रार ही आहे की या बोर्डला घड्याळ नाही. प्लग काढला की वेळ गेली. परत चालू केलं की बूट होताना कर्नल एक ओळ छापतो, टाइम-ऑफ-डे क्लॉक रजिस्टर नाही, वेळ अचूक लागणार नाही, आणि मग नेटवर्क येऊन एनटीपी (इंटरनेटवरून वेळ जुळवणारी सेवा) वेळ लावेपर्यंत मशीन भूतकाळात. वाचताना किरकोळ वाटतं ना? मलाही वाटलेलं.

आता सोर्सवरून, म्हणजे मूळ कोड स्वतः कंपाइल करून, अपडेट का, तर हौस म्हणून नाही. एएमडी६४ आणि एआर्च६४ या ६४-बिट प्रोसेसरवाल्यांना फ्रीबीएसडी-अपडेट ही तयार सोय आहे, दोन कमांडमध्ये पॅच बसतो. पायच्या ३२-बिट आर्मव्ही७ ला ते नाही, मग उरतं काय, मेक बिल्डवर्ल्ड, म्हणजे अख्खी सिस्टीम कंपाइल करणं. ६४-बिट बोर्ड घेऊन टाक म्हणणारे भेटतात, पण हे बोर्ड घरातलं डीएनएस (नावावरून इंटरनेटचा पत्ता शोधणारी सेवा) आणि रात्रीचा बॅकअप तक्रार न करता सांभाळतंय, फोनच्या जुन्या चार्जरवर चालतंय, ते फक्त अपडेट अवघड आहे म्हणून ड्रॉवरमध्ये टाकायचं माझ्याच्याने होत नाही.

सुरुवातीला सगळं बोर्डवरच बिल्ड करायचो. वेळ प्रचंड लागतो, जवळपास सगळा एलएलव्हीएम (क्लँगचा पाया) आणि क्लँगलाच जातो, कर्नल त्यामानाने काहीच नाही. एसआरसी डॉट कॉन्फ या बिल्डच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये एलएलडीबी (डीबगर), टेस्ट्स, डीबग फाइल्स बंद करा, एलएलव्हीएमची बाकीची सगळी टार्गेट्स (इतर प्रोसेसरसाठीचे भाग) बंद करा, बराच भार कमी होतो. जे४ (एकावेळी चार कामं) देऊ नका, १ जीबीत चार क्लँग प्रोसेस मावत नाहीत, स्वॅप (रॅम संपल्यावर वापरायची डिस्कवरची जागा) एसडी कार्डवर जातो आणि मग मध्येच कंपायलर मेलेला सापडतो, लॉगमध्ये लिहिलेलं असतं की मेमरी मोकळी करता आली नाही. व्हीएम डॉट पेजआउट_ओओएम_सेक या कर्नल सेटिंगची किंमत मूळच्या १२ वरून १२० केली की हे बऱ्यापैकी थांबतं. स्वॅप यूएसबी डिस्कवर नेला तर अजून बरं. एवढं केलं की बिल्ड रात्रंदिवस चालत राहतो आणि पूर्ण होतो, गरीब बोर्ड आहे पण मध्येच सोडून देत नाही. इथपर्यंत मी खूश होतो.

मग इन्स्टॉलवर्ल्ड, म्हणजे बनलेलं सगळं जागेवर बसवणं. पुस्तकी पद्धत अशी की आधी नवा कर्नल टाका, रीबूट करा, सिंगल यूजरमध्ये (नेटवर्क आणि सेवा नसलेल्या दुरुस्ती मोडमध्ये) जा, तिथून इन्स्टॉलवर्ल्ड चालवा. केलं तसंच. थोडं पुढे गेलं आणि एरर आला, टच: नॉट फाउंड. टच! फाइलची तारीख ताजी करणारी, युनिक्समधली सगळ्यात निरुपद्रवी कमांड. बिनमध्ये जाऊन पाहिलं, आहे की जागेवर. हाताने चालवली, चालते. परत इन्स्टॉलवर्ल्ड, परत टच नॉट फाउंड. एसडी कार्ड खराब झालं म्हणून फाइल सिस्टीम तपासून झाली, सोर्स अर्धवट आला की काय म्हणून तेही बघून झालं.

खरं कारण असं. इन्स्टॉलवर्ल्ड चालताना जुनी टूल्स मध्येच बदलली जातात, म्हणून ते सुरुवातीलाच मोजकी टूल्स एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये कॉपी करतं आणि पुढे फक्त तीच वापरतं. इन्स्टॉलला कंपाइल करायचं नसतंच त्यामुळे त्या मोजक्यांत बिल्डची टूल्स नसतात, टचही नाही. पण सिंगल यूजरमध्ये नेटवर्क नाही, नेटवर्क नाही म्हणून एनटीपी नाही, घड्याळ तर नाहीच, म्हणजे बोर्ड मागच्या कुठल्यातरी वेळेत जागं झालेलं, आणि बिल्ड केलेल्या फाइल्सवरच्या तारखा भविष्यातल्या. मेक, म्हणजे बिल्ड चालवणारा प्रोग्रॅम, त्याचा अख्खा संसार तारखांवर चालतो. त्याला वाटतं काहीतरी शिळं आहे, ते परत बनवायला घेतं, टच शोधतं, मिळत नाही, मरतं. घड्याळाचा एरर टचच्या नावाने! उपाय हास्यास्पद सोपा, सिंगल यूजरमध्ये सगळ्यात आधी डेट कमांड, वर्ष महिना दिवस तास मिनिट सलग टाइप करायचं, मग बाकीचं. दरवेळी. हाताने. मनगटावरच्या घड्याळात बघून संगणकाला वेळ सांगायची.

याचा उलटा प्रकार जास्त वाईट, कारण तो एरर देत नाही. वीज जाऊन येते, वेळ लागलेली नसते आणि तेवढ्यात तुम्ही गिट पुल करता, म्हणजे नवा सोर्स ओढता. गिट फाइलला तारीख लावतं ती चेकआउट झाला त्या क्षणाची, म्हणजे बोर्डला जी वाटतेय ती. आता नव्या पॅचची सोर्स फाइल जुन्या ऑब्जेक्ट (कंपाइल झालेल्या) फाइलपेक्षा म्हातारी. तुम्ही वेळ वाचवायला नो-क्लीन (जुनं न पुसता) देऊन बिल्ड करता, मेक म्हणतं हे तर ताजंच आहे, आणि ज्या सिक्युरिटी फिक्ससाठी एवढा खटाटोप तोच वगळून बिल्ड हसत हसत पूर्ण होतो. एलएस ला -एलटी (टी कॅपिटल) देऊन दोन्ही फाइल्सच्या तारखा सेकंदापर्यंत शेजारी शेजारी बघा म्हणजे माझा राग कळेल.

आणि एनटीपी आहे ना, मग रडतो कशाला, हे म्हणणाऱ्यांसाठी. एक तर वेळ १००० सेकंदांपेक्षा जास्त चुकलेली असेल तर एनटीपीडी (एनटीपीचा प्रोग्रॅम) स्वतःच हात वर करून बाहेर पडतो, आरसी डॉट कॉन्फमध्ये एनटीपीडी_सिंक_ऑन_स्टार्ट चालू असावं लागतं. दुसरं, माझ्या बोर्डवर अनबाउंड हा डीएनएस सर्व्हर आहे, तो डीएनएससेकच्या (उत्तर खरं आहे हे सांगणाऱ्या डिजिटल) सह्या तपासतो, वेळ मागची असेल तर त्याच्या मते सह्या अजून वैध झालेल्याच नाहीत, म्हणून तो टाइम सर्व्हरचं नाव शोधून देत नाही, नाव नाही म्हणून वेळ लागत नाही, वेळ लागत नाही म्हणून नाव मिळत नाही. घरातल्या सगळ्यांचं इंटरनेट बंद, आणि कारण काय तर एका चिपएवढं घड्याळ बसवलं नाही. एनटीपी डॉट कॉन्फमध्ये एका सर्व्हरचा थेट आयपी टाकला तेव्हा सुटलं.

तर मध्यंतरी मी पद्धतच बदलली. आधी माझं ठाम मत होतं की ज्याचं अपडेट त्यानेच करावं, क्रॉस बिल्ड, म्हणजे एका मशीनसाठी दुसऱ्यावर बिल्ड, ही पळवाट. ते मत आता राहिलं नाही. पीसीवर फ्रीबीएसडी होतंच, तिथे टार्गेट आर्म, टार्गेट_आर्च आर्मव्ही७ एवढं दिलं की झालं, वेगळा टूलचेन (कंपायलर वगैरेचा संच) जमवायची भानगड नाही, क्लँग मुळातच सगळ्या आर्किटेक्चरसाठी कंपाइल करतो. फक्त तो ऑब्जेक्ट फोल्डर एनएफएसवरून (नेटवर्कवरून फोल्डर शेअर करून) पायला देऊन तिकडे इन्स्टॉलवर्ल्ड चालवायला जाऊ नका, त्यातली मदतीची टूल्स पीसीच्या प्रोसेसरची असतात. शिवाय पाय २ चं इथरनेट १०० मेगाबिटचं आणि तेही यूएसबीच्या मागे, त्याच यूएसबीवर तुमची डिस्क. सरळ बोर्ड शटडाउन करा, कार्ड काढा, पीसीत माउंट करा, डेस्टडिर (कुठे बसवायचं तो मार्ग) देऊन कर्नल आणि वर्ल्ड दोन्ही तिथूनच टाका, सेटिंग्जच्या फाइल्स जुळवणाऱ्या ईटीसीअपडेटलाही तोच मार्ग द्या. पीसीला बॅटरीवरचं घड्याळ असतं, टच सापडतो, सगळं सापडतं.

पीसीवर मेटा मोडही चालू केला, फाइलमॉन मॉड्यूल लोड करायचं, मग कुठली फाइल बनवताना काय काय उघडलं गेलं याची नोंद राहते आणि पुढच्या वेळी खरोखर बदललेलं तेवढंच बनतं. पहिला बिल्ड नेहमीसारखा, त्यानंतरचे छोटे पॅच चहा होईपर्यंत. हे मात्र मनापासून आवडलं, पाचात पाच.

बोर्डला शेवटी डीएस३२३१ या घड्याळाच्या चिपचं छोटं मॉड्यूल लावलंच, बिल्डसाठी नाही, वीज गेल्यावरच्या त्या डीएनएसच्या तमाशासाठी. ड्रायव्हर फ्रीबीएसडीत आहे, डिव्हाइस ट्रीत (कर्नलला हार्डवेअर सांगणाऱ्या वर्णनात) चिपची नोंद करावी लागते, पत्ता ६८ हेक्स. कंपनीला हे सुचायला २०२३ चं पाय ५ उजाडावं लागलं, आणि त्यातही आरटीसी, म्हणजे घड्याळ, दिलं पण बॅटरी तुम्ही वेगळी घ्या! फ्रीबीएसडी १५ मध्ये ३२-बिट हार्डवेअरपैकी आर्मव्ही७ एकटंच शिल्लक आहे, त्यामुळे नवीन बोर्ड कधीतरी घ्यावंच लागेल. घेईन तेव्हा आधी बॅटरीची जागा बघेन, रॅम नंतर. बोर्डला पाचात तीन, एक स्टार घड्याळाचा कापला आणि एक त्या टचच्या एररचा, तो बोर्डचा दोष नाही हे माहीत असूनही.