संयुक्त वन व्यवस्थापन की सामूहिक वनहक्क? शहापूर-मुरबाडच्या पाड्यांनी काय निवडावं

गावाने जंगल राखायचं ठरवलं की समोर दोन वाटा येतात. एक, वनविभागाबरोबरची संयुक्त वन व्यवस्थापन समिती. दुसरी, 2006 च्या वनहक्क कायद्याखालचा सामूहिक वनसंपत्तीचा हक्क. पिढ्यान्‌पिढ्या जंगलावर जगणाऱ्या पाड्याने आधी दुसरी वाट धरावी, असं आमचं मत आहे.

समिती लवकर उभी राहते. रोपवन, जाळरेषा (वणवा अडवणारे मोकळे पट्टे), चराईबंदीची कामं निघतात, हाताला मजुरी मिळते. पण तिचा पाया शासन निर्णयाचा (राज्यात पहिला 1992 चा) आणि दप्तर वनपाल-वनरक्षकाकडे. निधी आटला की समिती कागदावरच उरते.

वनहक्कात राखण्याचा आणि नियम करण्याचा अधिकार कायद्यानेच ग्रामसभेला मिळतो. मोह, हिरडा, गुळवेल, बांबू, तेंदू यांची मालकीही तिची. इमारती लाकूड मात्र त्यात येत नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये हक्क मिळाला, तरी बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक हाती यायला 2011 उजाडलं. इतका धीर लागतो.

वनहक्काचा दावा अडतो तो बहुधा कागदांत. निस्तारासारख्या (जळण, चराई असा रोजचा वापर) सामूहिक हक्कांचा अर्ज वेगळा, वनसंपत्तीच्या व्यवस्थापनाचा वेगळा. पहिलाच भरला तर वापर मिळतो, कारभार नाही. दाव्याचं काम पाहणारी ग्रामसभेची वनहक्क समिती 10 ते 15 जणांची, त्यात एक तृतीयांश तरी महिला हव्यात. पुरावे किमान दोन: देवराई, जुनी विहीर, स्मशान, वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब चालतात. शेजारच्या पाड्याशी शिवेचा वाद आधीच मिटवा, नाहीतर नकाशा तिथेच थांबतो. जागेवरच्या पडताळणीची नोटीस वन आणि महसूल या दोन्ही विभागांना देऊन पोच घ्या. त्यांनी गैरहजर राहून नंतर हरकत घेतली, तर फेरपडताळणी होते. तेव्हाही कोणी आलं नाही, तर पडताळणीबाबत ग्रामसभेचा निर्णय अंतिम ठरतो. ती पोच जपून ठेवा.

ग्रामसभेची गणपूर्ती (किमान हजेरी) निम्म्या सभासदांची. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, म्हणून सभा त्याआधीच घ्या. शहापूर तालुका पूर्ण अनुसूचित (आदिवासी म्हणून घोषित) क्षेत्रात आहे. मुरबाड-भिवंडीचा काही भागच. अनुसूचित क्षेत्रात पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते.

परंपरागत वापर दाखवता येत नसेल, तर संयुक्त वन व्यवस्थापन समितीच बरी. ती आधीपासून असेल, तर मोडू नका. दावा चालू असताना वणव्याची राखण तिच्याकडूनच करून घ्या.