नेमबाजी: श्वासाची लय की मनातला सराव?
स्पर्धा तोंडावर आलीय आणि रोज जेमतेम १० मिनिटं हाताशी आहेत. एअर रायफलवाल्यांनी कशावर भर द्यावा?

खर्च दोन्हींचा शून्य. श्वास लवकर जमतो: रायफल खांद्याला, दोन संथ श्वास, तिसरा अर्धा सोडून थांबायचं आणि ६–८ सेकंदांत शॉट. त्याहून लांबलं की नजर धूसर होते, नेम हलतो. अशा वेळी रायफल खाली घ्यावी. हट्टाने ट्रिगर ओढला की शॉट वाया गेलाच.

मनातला सराव मुरायला आठवडे लागतात. नुसता दहा गुणांचा ठिपका डोळ्यांसमोर आणून भागत नाही. गालाचा टेकू, ट्रिगरचा पहिला दाब, शॉटनंतरही टिकवलेली नजर, सगळं खऱ्या वेगाने मनात घडवायचं. (गळ्यातल्या पदकाचं चित्र इथे बिनकामाचं.)

पहिल्याच शॉटला छाती धडधडत असेल, तर श्वासाची लय. ७५ मिनिटांच्या, ६० शॉटच्या फेरीत चाळिसाव्या शॉटनंतर लक्ष भरकटत असेल, तर मनातला सराव.