आत्ती सगळ्यालाच ‘बरं’ म्हणते : सुश्रुषा केंद्रातले आठ महिने

आधी एक खुलासा. आपल्याकडे कोल्हापुरात ‘नर्सिंग होम’ म्हटलं की राजारामपुरीतला नाहीतर शाहूपुरीतला दहा-पंधरा खाटांचा खासगी दवाखाना डोळ्यांसमोर येतो. मी लिहितोय ते तसलं नाही. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांना महिन्याच्या पैशांवर ठेवून घेतात, ते. नाव लिहीत नाही, कारण माझी आत्ती अजून तिथंच आहे आणि तिथल्या बायकांच्या हातचं खातेय.

आत्ती ७८ वर्षांची. प्राथमिक शाळेत बाई होती, लग्न केलं नाही, मंगळवार पेठेत आमच्यातच राहिली. मे २०२४ मध्ये पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. मेंदूच्या डाव्या बाजूला मार बसला की बहुतेकदा उजवं अंग आणि वाचा अशी दोन्ही एकदम जातात, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं. आता तिच्यापाशी एकच शब्द उरलाय, ‘बरं’. भूक लागली, बरं. दुखतंय, बरं. पंखा बंद करू? बरं. आणि आपण ‘एक’ म्हटलं की ती वीसपर्यंत घडाघडा म्हणून दाखवते, पण तहान लागली तर ‘पाणी’ काही तोंडात येत नाही. म्हणजे ज्या गिऱ्हाइकासाठी महिन्याला २८ हजार मोजतोय, तेच गिऱ्हाईक तक्रार करू शकत नाही. ‘कसं वाटतंय आत्ती इथं?’ याचं उत्तर ठरलेलं आहे.

घरी जमलं असतं तर ठेवलंच असतं. आम्ही दोघंही नोकरीला, मी गोकुळ शिरगावच्या एका फौंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, क्वालिटीला (माल तपासायला). चोवीस तासांची बाई ठेवून बघितली. तीन आठवड्यांत दोन गेल्या. पाहुणे बोलायचं ते बोलले. त्यावर इथं लिहीत नाही.

भाचा अमेरिकेत असतो. तो म्हणाला, मामा, तिथलं रेटिंग किती आहे? त्यांच्याकडे सरकारच नर्सिंग होमना एक ते पाच तारे देतं. तपासणीत काय सापडलं, माणसं किती आहेत, रुग्णांची तब्येत कशी राहते, यावरून. म्हटलं, बाबा, इथं तारे म्हणजे गूगलवर कुणाच्या तरी मेव्हण्यानं दिलेले. मग स्वतःच चार ठिकाणं फिरलो. नोंदणीचं विचारलं. दवाखाना असेल तर १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याखाली प्रमाणपत्र लागतं आणि ते दिसेल असं भिंतीवर लावायचं असतं. दोन ठिकाणी उत्तर आलं, ‘आम्ही दवाखाना नाही, ट्रस्ट आहे’, आणि धर्मादाय आयुक्तांकडचं नोंदणीपत्र पुढं केलं. ट्रस्ट नोंदवलेला आहे एवढंच त्यावरून कळतं, रात्री कोण असतं ते कळत नाही. पण नळीनं जेवण भरवायचं, इन्सुलिन टोचायचं, लघवीची पिशवी सांभाळायची, आणि वर आम्ही दवाखाना नाही, हे कसं काय, हे मला आजही उमजलेलं नाही.

शेवटी हे निवडलं. शहराच्या दक्षिणेला, उंचावर, तळमजला, उंबरे नाहीत, संडासात कमोडच्या दोन्ही बाजूंना धरायला दांड्या. सकाळी अकराला गेलो होतो. फरशी चकाचक, फिनेलचा वास, म्हाताऱ्यांना पावडर लावून बसवलेलं. तेव्हाच पाल चुकचुकायला हवी होती. आमच्याकडे कस्टमर ऑडिटच्या दिवशी सँडचा कणही दिसत नाही, झाडूवालाही हेल्मेट घालून झाडतो. मीच अशी कित्येक ऑडिटं ‘काढलेली’ आहेत, आणि तरी फसलो.

पहिला महिना चांगला गेला. फिजिओ आठवड्यातून तीनदा, जेवण घरच्यासारखं. सोळा माणसं, दिवसा पाच जणं कामाला.

मग जुलै आला. २०२४ च्या जुलैत पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली, ते सगळ्यांना आठवत असेल. २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेला माणूस राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याचं ऐकलं की आधी गाडी उंचावर लावतो. मी निवांत होतो; इमारत उंचावर, पाणी येणार नाही. पाणी आलंही नाही. पण रात्रपाळीच्या मावशी नदीपलीकडच्या, प्रयाग चिखलीच्या बाजूच्या. रस्ता बंद झाला आणि तीन रात्री सोळा जणांना एक मामा आणि एक स्वयंपाकीण. कपडे वाळत नाहीत, चादरी दमट, डायपरचा माल संपत आलेला. तुम्ही केंद्र बघायला जाल तेव्हा पाणी कुठवर येतं हे विचारालच, पण कामाची माणसं कुठून येतात हेही विचारा. मी विचारलं नव्हतं.

त्या पावसातच तक्त्याचं प्रकरण झालं. जे स्वतः हलू शकत नाहीत त्यांची साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. डावी, पाठ, उजवी. नाहीतर माकडहाड, टाचा, कमरेचं हाड, जिथं हाडावर मांस कमी तिथं दाब पडून रक्त पोचत नाही आणि कातडी मरते. बेडसोर म्हणतात तो हाच. त्यासाठी तक्ता असतो : वेळ, कूस, सही. माझी त्या दिवशी दुसरी पाळी होती म्हणून सकाळी दहाला गेलो. टेबलावरची फाईल सहज उघडली. ८ वाजता डावी. १० वाजता पाठ. १२ वाजता उजवी. २ वाजता डावी. ४ वाजता पाठ. भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं.

सगळं एकाच पेनानं, एकाच हातानं, एकाच दाबानं. बाराची सहीसुद्धा झालेली. आमच्या धंद्यात याला टेबलावरचं इन्स्पेक्शन म्हणतो. मोजायचं व्हर्नियर ड्रॉवरमध्ये आणि रिपोर्टात पन्नास रीडिंगं, सगळी टॉलरन्सच्या, म्हणजे चालणाऱ्या फरकाच्या, आत. असला रिपोर्ट बघितला की मी पहिल्यांदा कास्टिंग, म्हणजे ओतलेला भागच, मागवतो. म्हणून सिस्टरला म्हटलं, आत्तीची पाठ बघू.

कुशीवर वळवलं. माकडहाडावर रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा लाल डाग. कातडी फाटलेली नव्हती. बोटानं दाबून सोडलं. साधा लालसरपणा असेल तर दाबल्यावर क्षणभर पांढरं पडतं. हे पांढरं पडलं नाही, लालच राहिलं. ही बेडसोरची पहिली पायरी. इथं धरलं तर धरलं, पुढं हाडापर्यंत खड्डा पडतो. (हे मी आदल्याच आठवड्यात फिजिओकडून शिकलो होतो. सावळ्या अंगावर लाली नीट दिसत नाही, म्हणून हाताला तिथं गरम किंवा कडक लागतं का तेही बघायचं, असंही तो म्हणाला होता.) मी विचारलं, आत्ती, दुखतंय का गं? बरं, म्हणाली.

मॅनेजरचं उत्तर : ‘या वयात एवढं होतंच हो साहेब.’ कास्टिंग म्हटल्यावर ब्लो होल (हवेचं भोक) असणारच, हे वाक्य मी वीस वर्षं ऐकतोय. तिथं ऐकून घेत नाही तर इथं का घेऊ? आवाज चढला माझा. नंतर शांत झाल्यावर मोबाईलमध्ये आकडेमोड करून दाखवली. सोळातले आठ पूर्ण अंथरुणावर. एकाला नीट वळवायचं, उशी लावायची, ओलं आहे का बघायचं, दहा मिनिटं. आठांना ऐंशी. म्हणजे दर दोन तासांतली ऐंशी मिनिटं नुसत्या वळवण्यात, तेही दोन जणांच्या जोडीनं. रात्री माणसं किती? दोन. मग कुणाला पाणी कधी देणार, डायपर कधी बदलणार, आणि एखादा बाथरूमला उठला तर त्याला धरणार कोण? तक्ता आधीच भरला जातो तो आळसानं नाही, हे मला तिथं बसल्या बसल्या कळलं. हिशोबच बसत नाही. राग तेवढा राहिला नाही, भीती मात्र वाढली.

काय बदललं ते सांगतो. तक्ता टेबलावरनं काढून खाटेच्या पायथ्याला अडकवला. हवेची गादी आणली, भाडं माझ्या बिलात. (ती लावली म्हणजे वळवायचं काम संपलं असा तिथं समज होता, तसं नसतं.) टाचांखाली नाही, पोटऱ्यांखाली उशी, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. डाग तीन आठवड्यांत गेला. रात्री तिसरं माणूस द्यायला मात्र ऑक्टोबर उजाडला, तेही आम्ही पाच-सहा घरच्यांनी मिळून महिन्याचे वाढीव पैसे कबूल केल्यावर.

ऑक्टोबरात एकदा दुसरी पाळी सुटल्यावर रात्री पावणेबाराला थेट तिकडं गेलो. गोळ्या द्यायच्यात असं सांगितलं. दार उघडायला चार मिनिटं लागली. रात्रीच्या मावशी मोबाईलचा टॉर्च तोंडात धरून एका आजोबांचं डायपर बदलत होत्या, दिवा लावला तर बाकीचे उठतात म्हणून. मला म्हणाल्या, ‘बसा दादा, आत्तींचा नंबर आलाच.’ आणि खरंच आला. उजवा लुळा हात आधी पोटावर घेतला, मग वळवलं. हात अंगाखाली सापडू नये म्हणून. ‘बाई, आता तुमच्या आवडीच्या कुशीवर,’ असं म्हणत होत्या. आत्ती ‘बरं’ म्हणाली, आणि या ‘बरं’चा सूर वेगळा होता, हे मी शपथेवर सांगेन.

त्याच रात्री घंटी दिसली. बोलावण्याची घंटी खाटेच्या उजव्या बाजूला बांधलेली. आत्तीचा उजवा हात मेपासून हलत नाही. चार महिने मी रविवारच्या रविवार त्याच खाटेवर बसत होतो, घंटीची वायर मागं सारून. क्वालिटीवाला म्हणवतो. मावशींनी लगेच सोडून डावीकडं बांधली. दुसऱ्या दिवसापासून आत्ती घंटी वाजवायला लागली, आणि इतकी, की मॅनेजरचा फोन आला, ‘जरा समजावा.’ नाही समजावलं.

भरवणं ही या केंद्राची खरोखर जमेची बाजू. झटक्यानंतर तिला पाण्याचा ठसका लागायचा. अन्न श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो आणि या वयात तो जिवावर बेततो. दिवसाच्या मावशी तिला सरळ बसवतात, हनुवटी थोडी खाली, घास डाव्या म्हणजे चांगल्या गालात. पेज पातळ नाही, चमच्यावरून हळू ओघळेल अशी. एक घास गिळला, गळा खालीवर झाला, की दुसरा. जेवण झालं की उजव्या गालात बोट फिरवून उरलेलं काढतात, आणि अर्धा तास तरी आडवं करत नाहीत. मी घड्याळ लावलं, एका वाटीला पंचवीस मिनिटं. घरी आमच्याच्यानं एवढी सबुरी झाली नव्हती.

बाकी फुटकळ. गोळ्यांचा डबा नावानिशी असतो, पण एकदा शेजारच्या आजींची प्रेशरची गोळी आत्तीच्या वाटीत निघाली. गोळीचा रंग वेगळा म्हणून माझ्या बायकोनं ओळखली. तेव्हापासून पाकिटातून बायकोसमोर काढतात, निदान ती असताना तरी. कॅमेरे आहेत, ॲपवर दिसतात, पण फक्त व्हरांडा. मागच्या दाराला कुलूप आणि किल्ली मॅनेजरच्या खिशात, मॅनेजर रात्री घरी. २०२१ मध्ये भंडाऱ्याला आणि नगरला सरकारी रुग्णालयांत आगी लागल्या, त्यात काय झालं ते आठवून मी यावर हटूनच बसलो. आता किल्ली दारालगत खिळ्याला असते. ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा १४५६७ हा नंबर भिंतीवर लावा म्हणालो, तो लावला, पण कपाटामागं.

मावशींचा पगार मी विचारला, त्यांनी सांगितला. इथं लिहीत नाही. आमच्या फौंड्रीतल्या हेल्परपेक्षा कमी आहे, आणि बारा तास आहे.

तारे द्यायचेच तर पाचपैकी तीन. दोन दिवसाच्या आणि रात्रीच्या मावशींना, एक धरायच्या दांड्यांना. कुणी ‘पेशंट ठेवू का तिथं?’ विचारलं तर मी सांगतो, ठेवा, पण आठवड्यातनं दोनदा वेगवेगळ्या वेळी जाता येत असेल तरच, आणि गेल्यावर चादर बाजूला करून पाठ आणि टाचा बघणार असाल तरच.

परवा फेब्रुवारीत करार नवा केला. दहा टक्के वाढ. छापील अकरा अटी, त्यातल्या नऊ आम्ही काय करायचं त्याच्या. शेवटी थोडी जागा होती, तिथं पेनानं लिहिलं : ‘कूस बदलल्याचा तक्ता खाटेला राहील, वेळ झाल्यावरच भरला जाईल, रात्री तीन माणसं.’ मॅनेजरनं बराच वेळ वाचलं, मग बाजूला सही केली. मी तारीख घालायला लावली, आणि वेळसुद्धा.