मेदकण की पॉलिमर: जनुकीय औषधाच्या दोन वाहकांची तुलना
जनुकीय औषध म्हणून पेशीत पोहोचवायच्या आरएनएवर ऋणभार असल्याने त्याला बांधून ठेवणाऱ्या वाहकावर धनभार लागतो. प्रश्न इतकाच की तो केव्हा असावा. १९९५ पासून वापरात असलेल्या पॉलिएथिलीनइमाइन या पॉलिमरवर तो रक्तातही कायम असतो, त्यामुळे बांधणी पक्की होते, पण पेशीपटलांना इजा पोहोचते आणि रक्तातील प्रथिने त्याला चिकटतात. याउलट आयनीभवनक्षम मेदरेणूंचे नॅनोकण रक्ताच्या ७.४ सामूला जवळजवळ उदासीन राहतात आणि पेशीने गिळल्यावर, एंडोसोममधील (गिळलेला पदार्थ ज्या पटलवेष्टित पिशवीत जातो तिच्यातील) आम्लता वाढताच, धनभारित होऊन त्याच्या पटलाला खिंडार पाडतात. २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या पॅटिसिरान या आरएनए औषधामधील अशा मेदरेणूचा पीकेए, म्हणजे ज्या सामूला निम्मे रेणू धनभारित असतात तो आकडा, सुमारे ६.४ आहे, आणि माझ्या मते सारी करामत या एका आकड्यात आहे. अर्थात, एंडोसोममधून निसटणारा आरएनए थोडाच असतो आणि शिरेतून दिलेले कण बहुतांशी यकृतातच जातात. साठवणुकीची अडचण निराळी: द्रवरूपातील एमआरएनए लस टिकवायला कडक थंडी लागते. पुण्याच्या जेनोव्हा या औषध कंपनीने आपली एमआरएनए लस शीतशुष्क (गोठवून वाळवलेल्या) भुकटीच्या रूपात आणली, ती त्यासाठीच. रुग्णाच्या शिरेत औषध द्यायचे असेल, तर मी मेदकणच निवडेन. पॉलिमर स्वस्त असल्याने जनुकोपचारासाठी लागणारे विषाणूवाहक (जनुक वाहून नेणारे विषाणू) कारखान्यातील पेशींमध्ये तयार करताना मात्र आजही तेच सर्रास वापरले जाते.