दहा फुटांची रिंग आणि अकरा वर्षांची मुलगी : दादरच्या एका बास्केटबॉल वर्गाचा वर्षभराचा अनुभव

गेल्या जूनपासून माझी मुलगी दादर पश्चिमेला, शिवाजी पार्कापासून चालत दहा मिनिटांवर असलेल्या एका शाळेच्या कोर्टवर बास्केटबॉल शिकायला जाते. वर्ग मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी दीड तास व रविवारी सकाळी सात वाजता भरतो, आणि तीन महिन्यांचे शुल्क साडेचार हजार रुपये आहे. प्रशिक्षकांच्या इच्छेनुसार मी वर्गाचे नाव येथे देत नाही. मात्र नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी वर्ग शोधणाऱ्या पालकांना आत शिरल्यावर नेमके काय पाहावे हे कळावे, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

याआधी ती उपनगरातील दुसऱ्या एका वर्गात सात महिने जात होती. तेथे कपाट भरून चषक होते आणि त्या चषकांना भुलूनच आम्ही नाव नोंदवले होते. दहा वर्षांच्या मुलांपासून कॉलेजच्या मुलांपर्यंत सर्वांना सात नंबरचा एकच चेंडू, दहा फुटांवर बसवलेली एकच रिंग आणि पहिल्या महिन्यापासून झोन डिफेन्स, म्हणजे एकेका खेळाडूला न अडवता ठरलेली जागा राखणे, असा तेथील शिरस्ता होता. झोन डिफेन्समध्ये लहान मुले रिंगखाली दाटीने उभी राहतात, समोरच्या संघातील मुलांना लांबून चेंडू टाकता येत नाही, आणि सामना आपोआप जिंकला जातो. माझी मुलगी तेथे जिंकायला शिकली, पण समोरच्या खेळाडूला एकटीने अडवायला शिकली नाही. चेंडू रिंगपर्यंत पोहोचावा म्हणून ती तो कमरेजवळून, दोन्ही हातांनी, अंग मागे टाकून भिरकावत असे. मी स्वतः शाळेच्या संघात खेळत असे. आमच्या वेळीही एकच मोठा चेंडू होता आणि माझा हात त्याच सवयीने जन्मभरासाठी बिघडला. तीच सवय मुलीच्या अंगी जडताना दिसली तेव्हा मी वर्ग बदलला.

नव्या वर्गात पहिल्याच दिवशी सरांनी तिच्या हातातून आम्ही घरून आणलेला चेंडू काढून घेतला आणि जाळीच्या पिशवीतून पाच नंबरचा काढून दिला. तिने तो हातात फिरवून पाहिला आणि थोड्या नाराजीनेच म्हणाली, ‘‘सर, हा लहान मुलांचा आहे.’’ सर म्हणाले, ‘‘तुझा हात सात नंबरचा झाला की सात नंबरचा चेंडू देईन.’’ सात नंबरच्या चेंडूचा घेर साधारण ७५ ते ७७ सेंटिमीटर आणि वजन सहाशे ग्रॅमच्या आसपास असते, आणि तो मोठ्या पुरुषांच्या खेळासाठी आहे. मोठ्या स्त्रिया सहा नंबरच्या चेंडूने खेळतात. पाच नंबरचा घेर सत्तर सेंटिमीटरच्या जवळपास आणि वजन पाचशे ग्रॅमच्या आतबाहेर भरते. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो, परंतु अकरा वर्षांच्या मुलीच्या मनगटाला तो लगेच जाणवतो. हलक्या चेंडूने तिचे कोपर दोनच आठवड्यांत चेंडूखाली येऊ लागले, जे सात महिने सांगूनही आले नव्हते.

रिंगचेही तसेच. वर्गात दोन कायमच्या रिंग आहेत, आणि सरांनी स्वतः बनवून घेतलेला, चाकांचा एक लोखंडी स्टँड आहे, ज्याची रिंग साडेआठ फुटांवर बसते. बारा वर्षांखालील मुलांच्या मिनी बास्केटबॉलसाठी जी २.६० मीटर उंची सांगितली जाते, ती जवळपास हीच. दहा फुटांच्या रिंगचे आपल्याला इतके अप्रूप का वाटते, हे मला समजत नाही. १८९१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ यांनी या खेळासाठी पीचच्या टोपल्या टांगल्या त्या व्यायामशाळेच्या सज्ज्याच्या कठड्याला, आणि तो कठडा दहा फुटांवर होता, म्हणून ती उंची ठरली. खाली खेळणारे वाढ पूर्ण झालेले तरुण विद्यार्थी होते. चौथी-पाचवीतल्या मुलांचा विचार त्या उंचीत कधी झालाच नव्हता.

तरीही या वर्गाचे खरे वैशिष्ट्य मला पायांच्या कामात दिसले. पहिले तीन आठवडे रिंगकडे चेंडू टाकायचाच नव्हता. धावत यायचे, दोन्ही पाय एकाच वेळी टेकवून थांबायचे, गुडघे वाकवून ठेवायचे, आणि मग एक पाय जमिनीला खिळवून दुसऱ्याने वळायचे. दोन्ही पाय एकदम टेकवून थांबले तर त्यानंतर कोणताही पाय पिव्होट, म्हणजे जागेवर खिळवून वळण्याचा पाय, म्हणून वापरता येतो, हे कारण सरांनी मुलांना करून दाखवले. नुसते ‘‘असेच करा’’ म्हणून सोडून दिले नाही. मागच्या वर्गात तिला दर सामन्यात ट्रॅव्हलिंगची, म्हणजे चेंडू हातात धरून नियमापेक्षा जास्त पावले टाकल्याची, शिट्टी ऐकावी लागे, आणि ती कशासाठी वाजली हे तिला कळत नसे. आता ती स्वतःच पावले मोजते. उडी मारून उतरताना गुडघे आत वळू द्यायचे नाहीत, यावरही सरांचे बारीक लक्ष असते. वाढत्या वयातील मुलींना गुडघ्याच्या अस्थिबंधाची दुखापत मुलांपेक्षा अधिक संभवते, आणि आमचे कोर्ट सिमेंटचे आहे, त्यामुळे आई म्हणून मला ही दक्षता सर्वांत मोलाची वाटते.

ड्रिबलिंगमध्ये, म्हणजे चेंडूला जमिनीवर टप्पे देत खेळवण्यात, डाव्या हाताला उजव्याच्या दुप्पट वेळ दिला जातो. मुलांनी उजव्या हाताने पाठीमागे टी-शर्टचे टोक धरायचे, चेंडू डाव्या हाताने कमरेखाली ठेवायचा आणि नजर समोर. सहायक ताई समोर उभ्या राहून बोटे दाखवतात आणि मुलांनी चेंडू न थांबवता आकडा ओरडून सांगायचा. सुरुवातीला माझी मुलगी आकडा सांगायची तेव्हा चेंडू घरंगळत कुंपणापर्यंत जायचा. ले-अप, म्हणजे धावत येऊन रिंगजवळ उडी मारून चेंडू टाकणे, तर उलट्या क्रमाने शिकवतात. आधी रिंगपासून एका पावलावर उभे राहून, डावा पाय रेटून, उजवा गुडघा वर उचलून चेंडू रिंगमागच्या बोर्डावरील चौकोनाच्या वरच्या कोपऱ्यात ठेवायचा. ते जमले की दोन पावले, मग एक ड्रिबल, आणि शेवटी अर्ध्या कोर्टावरून धावत येणे. डाव्या बाजूने पाय आणि हात दोन्ही बदलायचे. ही अदलाबदल अंगवळणी पडायला तिला चार महिने लागले, आणि त्या चार महिन्यांत कोणी तिला घाई केली नाही.

शूटिंगसाठी सरांनी जुन्या चेंडूंवर काळ्या मार्करने एक जाड पट्टा आखून ठेवला आहे. रिंगपासून तीन फुटांवर उभे राहून, डावा हात पाठीमागे ठेवून, एका हाताने चेंडू टाकायचा; पट्टा सरळ रेषेत मागे फिरताना दिसला तर मनगट बरोबर सुटले, आणि डगमगला तर डाव्या अंगठ्याने किंवा बाहेर गेलेल्या कोपराने त्याला ढकलले. मुलाला त्याची चूक स्वतःच्या डोळ्यांनी दिसते, हे मला फार आवडले. आरंभी काही पालकांची कुरकुर होती की एवढ्या जवळून टाकण्यात कसले आले कौशल्य. मला मात्र ऑक्टोबर २०१९ मधील वरळीच्या एनएससीआय डोममधला दिवस आठवला. इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज या अमेरिकेच्या एनबीए लीगमधील संघांच्या दुसऱ्या सामन्याला मी लवकर जाऊन बसले होते, आणि त्या अवाढव्य उंचीचे खेळाडूही रिंगच्या अगदी पुढ्यात उभे राहून, सावकाश, एका हाताने चेंडू सोडत सराव सुरू करत होते. लांबचे फटके नंतर आले.

पावसाळ्यात मोकळे कोर्ट निरुपयोगी होते, आणि मुंबईत याची तरतूद पाहिल्याशिवाय शुल्क भरू नये. येथे जून ते सप्टेंबर शाळेच्या तळमजल्यावरील लांब ओसरीत वर्ग भरतो. भिंतीवर पास, कमरेभोवती आणि पायांतून चेंडू फिरवणे, सतरंजीवर उताणे झोपून चेंडू सरळ वर टाकून त्याच हातात झेलणे, एवढेच तेथे शक्य असते. मला ती वेळ वाया जाईल असे वाटले होते; प्रत्यक्षात तिचे मनगट त्याच दिवसांत सुधारले.

आता तक्रार. संध्याकाळच्या वर्गात सव्वीस मुले असतात आणि शिकवणारे दोघे. एका गुरुवारी मी बाकावर बसून वहीत मोजले: दीड तासात माझ्या मुलीने रिंगकडे एकतीस वेळा चेंडू टाकला, आणि तीस मिनिटांहून अधिक काळ ती रांगेत उभी होती. कौशल्य हातातून चेंडू जाण्याने येते, रांगेत उभे राहून येत नाही. त्याहून मोठा दोष रविवारच्या सामन्यांचा होता. पाच विरुद्ध पाच खेळताना दोन धीट मुलगे चेंडू घेऊन धावत आणि उरलेले आठ जण त्यांच्यामागे. दहा मिनिटांत माझ्या मुलीच्या हाती चेंडू चार वेळा आला. आठवडाभर जे घोटून घेतले, ते वापरायची वेळच येत नव्हती.

मी ती वही घेऊन सरांना भेटले. त्यांनी ती शांतपणे वाचली आणि म्हणाले, ‘‘मॅडम, आकडे खरे आहेत. पुढच्या रविवारी तीन-तीन खेळवतो.’’ अर्ध्या कोर्टावर, एका रिंगवर, तीन विरुद्ध तीन असा हा खेळ टोकियोपासून ऑलिम्पिकमध्येही आला आहे, आणि लहान मुलांसाठी तो मला अधिक योग्य वाटतो, कारण त्यात लपायला जागा नसते. त्या रविवारी दहा मिनिटांत तिच्या हाती चेंडू एकोणीस वेळा आला. त्यातले सहा तिने घालवले, याची मला मुळीच खंत नाही. आता दर रविवारी आधी तीन-तीन आणि शेवटची वीस मिनिटे पूर्ण कोर्टवर सामना, असा क्रम झाला आहे. रांगांचा प्रश्न मात्र तसाच आहे. सरांनी आणखी एका स्टँडचे आश्वासन दिले आहे, पण अजून तो आलेला नाही.

बाकीच्या सोयी कामापुरत्या आहेत. मुलींसाठी स्वच्छ, कडी नीट लागणारे स्वच्छतागृह आहे, पिण्याचे पाणी घरून न्यावे लागते, आणि मे महिन्यात वर्ग सकाळी साडेसहाला घेतात. पालकांनी बाकावरून ‘‘शूट कर’’ असे ओरडण्यास सक्त मनाई आहे, आणि ही शिस्त मला मनापासून पटली.

आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी. मुंबईत बास्केटबॉल म्हटले की नागपाड्याचे नाव आधी निघते, आणि तेथील मुले चांगली का होतात याचे सरांचे उत्तर असे, की ती लहानपणापासून मोठ्यांचा खेळ कोर्टच्या कडेला उभी राहून पाहतात. म्हणून त्यांनी आमच्या मुलांना माटुंग्याच्या डॉन बॉस्को शाळेत सॅव्हिओ कप या बास्केटबॉल स्पर्धेचे सामने पाहायला नेले. प्रत्येक मुलाने एकच खेळाडू निवडायचा आणि दहा मिनिटांचे एक सत्र संपेपर्यंत चेंडूकडे न पाहता त्याचे फक्त पाय पाहायचे, असे काम दिले होते. परतताना माझी मुलगी ट्रेनमध्ये मला सांगत होती, ‘‘आई, तो पास येण्याआधीच वळलेला असतो.’’

पुढच्या तिमाहीचे शुल्क मी भरले आहे. नव्याने येणाऱ्यांना पहिले दोन दिवस विनाशुल्क येऊ देतात. त्यातला एक दिवस रविवार निवडावा आणि बाकावर बसून आपल्या मुलाच्या हाती चेंडू किती वेळा येतो, ते वहीत मोजावे.